उभी गाडी पडते का? व्हील चॉकमागचं विज्ञान

घरी लावलेल्या मोटरसायकलवर चढून 'घुर्रर्र' करणारं मूल तुम्ही पाहिलंच असेल. १०० सीसीची साधी गाडीसुद्धा ११० किलोच्या आसपास भरते. ती अंगावर आली तर?

साइड स्टँडवर गाडी तीन बिंदूंवर टेकते : दोन चाकं आणि स्टँड. गुरुत्वमध्यातून सरळ खाली काढलेली रेषा या त्रिकोणात असेपर्यंत गाडी पडत नाही. पण गाडी पुढे सरकली की स्टँड मागे दुमडतो आणि त्रिकोण मोडतो.

म्हणून पुढचं चाक पकडून ठेवणारा लोखंडी व्हील चॉक वापरतात. वापरताना एवढं पाहा :

१. चॉक चाकाच्या मापाचा हवा. तो सपाट जमिनीला बोल्टने पक्का करा. सुटा चॉक गाडीबरोबर घसरू शकतो.

२. इंजिन बंद करून, न्यूट्रलमध्ये गाडी सरळ ढकला. रेस देऊन चढवू नका.

३. साइड स्टँड खाली करा. गाडी हलवून चाक घट्ट बसलंय ना ते बघा, मगच हात सोडा.

चाकाखाली लावलेली लाकडी पाचर मात्र फक्त घरंगळणं थांबवते, कलंडणं नाही.

मुलांना पातळ पुस्तक उभं करायला सांगा. मिटलेलं पडतं, थोडं उघडलेलं उभं राहतं. पाया रुंदावला की तोल सापडतो, हे त्यांना लगेच कळेल. नियम तरीही पक्का : मोठं माणूस सोबत नसताना उभ्या गाडीवर चढायचं नाही.