जयपूर घराण्याचा सूर ताऱ्यांच्या वाटेवर

विज्ञानकथेवरच्या टीव्ही मालिकेत यान झेपावते, तेव्हा पार्श्वसंगीतात वाद्यवृंद उसळतो. निर्वात पोकळीत आवाज पोचत नाही. म्हणून तिथली विशालता व्हायोलिनचे लांब सूर आणि पितळी वाद्यांचा घोष उभी करतात.

खऱ्या अंतराळप्रवासाला मात्र गोव्यातल्या केरीच्या केसरबाई केरकरांचा सूर निघाला आहे. जयपूर-अत्रौली घराण्याच्या अल्लादियाखाँसाहेबांच्या या शिष्येची भैरवीतली ‘जात कहाँ हो’ १९७७ साली दोन्ही व्हॉयेजर यानांवरच्या सोनेरी मुलाम्याच्या तांब्याच्या तबकडीत कोरली गेली. सुमारे साडेतीन मिनिटांचे हे गाणे. सोबतीला बेथोव्हेनच्या पाचव्या सिंफनीचा वाद्यवृंद. त्याच वर्षी १६ सप्टेंबरला केसरबाई गेल्या. ही भैरवी एकदा डोळे मिटून ऐकाच.