कोकणकडा हे ज्वालामुखीचं तोंड नव्हे

हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावर पालथं पडून खाली डोकावणाऱ्यांत एक जाणकार हमखास असतो. 'हे ज्वालामुखीचं तोंड,' तो सांगतो. कडा अर्धगोल, कातळ काळा, आणखी पुरावा कशाला! शेंडा निमुळता म्हणून कळसूबाईही विझलेला ज्वालामुखी. आणि कोयनेला जमीन हलली की तोच ज्वालामुखी 'जागा होतोय'.

कातळ लाव्ह्याचा आहे, इतपत बरोबर. पण म्हणून डोंगर ज्वालामुखी ठरत नाही. दख्खनचा लाव्हा बहुतांशी लांबच लांब भेगांतून वर आला, सुमारे 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वी. तो पातळ होता, त्यामुळे त्याचा शंकू न होता तो पसरत गेला. एक थर निवला की त्यावर दुसरा. आज उरलेल्या थरांनी सुमारे 5 लाख चौरस किलोमीटर जमीन व्यापली आहे आणि सह्याद्रीच्या बाजूला त्यांची एकूण जाडी दोनेक किलोमीटर भरते. हे युगानुयुगं चाललं असंही नाही: 'सायन्स' नियतकालिकात 2015 साली आलेल्या वयमापनानुसार मुख्य उद्रेक साडेसात लाख वर्षांच्या आसपास आटोपला. भेगा कशा असतात ते पाहायचं तर धुळे-नंदुरबारकडे जावं. भेगेतच गोठलेला लाव्हा तिथे भिंतींसारखा उभा आहे.

म्हणजे आधी पठार झालं, डोंगर नंतर. जमीन उचलली गेली, नद्यांनी आणि पावसाने पठार कापलं, आणि कापून जे उरलं त्याला आपण शिखर म्हणतो. कुठल्याही घाटात गाडी थांबवून समोर पाहा. आडवे पट्टे दिसतात, आणि दरीपलीकडच्या डोंगरातही साधारण त्याच उंचीवर तेच पट्टे. थराचा घट्ट भाग झिजायला चिवट, त्याचा कडा होतो. वरचा सच्छिद्र भाग लवकर झिजतो, तिथे उतार किंवा सपाटी तयार होते. गडांच्या कडे-माच्यांची उतरंड यातूनच आली. आता कोकणकडा. ज्वालामुखीच्या तोंडाशी थर बाहेरच्या बाजूला उतरते असायला हवेत. इथे ते कड्याच्या दोन्ही हातांना सरळ आडवे आहेत. ही अर्धगोल खोबण झिजेची आणि कोसळलेल्या दरडींची. हे तपासायला भूगर्भशास्त्राची पदवी लागत नाही, डोळे लागतात. पण कड्यावर सेल्फी काढताना कड्याकडे पाठच असते.

कोयनेचं म्हणाल तर 1967 च्या भूकंपाचा संबंध शास्त्रज्ञ धरणाच्या जलाशयाशी जोडतात. त्या भागात खोल विंधणं घेतली तेव्हा सुमारे किलोमीटरभर खाली बेसॉल्ट, म्हणजे हाच लाव्ह्याचा कातळ, संपला आणि त्याहून कितीतरी जुना ग्रॅनाइटी खडक लागला. धक्क्यांचा उगम त्या जुन्या खडकातल्या भेगांत आहे. जागं व्हायला तिथे लाव्हाच नाही.

गरम पाण्याच्या झऱ्यांचंही तेच. वज्रेश्वरीचं पाणी भेगांतून खोल मुरतं, तिथल्या उष्णतेने तापतं आणि वर येतं. जमिनीत खाली जावं तसं तापमान वाढतंच, ज्वालामुखी असो वा नसो.

लोणारलाही लोक ज्वालामुखीच समजतात. ते उल्केच्या आघाताचं विवर आहे. प्रचंड धक्क्यानेच बनणारी मास्केलिनाइट ही काच तिथे सापडल्याचं 1973 सालीच प्रसिद्ध झालं आहे.

हाच गैरसमज दगडांबाबतही होतो. कोकणातला जांभा हा गोठलेला लाव्हा नव्हे. उष्ण, पावसाळी हवेत मूळ खडक कुजून लोह आणि ॲल्युमिनियमची संयुगं मागे राहिली की जांभा होतो.

बेसॉल्टच्या पोकळ्यांत सापडणारे झिओलाइटचे स्फटिकही लाव्ह्याबरोबर वर आलेले नाहीत. खडक गोठल्यावर पोकळ्यांत झिरपलेल्या पाण्यातून ते साचले.

आणि याच्या उलटा गैरसमज घरात सापडतो: ओट्यासाठी दुकानदार जो 'ब्लॅक ग्रॅनाइट' विकतो, तो पुष्कळदा ग्रॅनाइट नसतोच. गॅब्रो किंवा डोलेराइट असतो, रसायनाने बेसॉल्टचा सख्खा भाऊ.