उतारवयातील खंडप्रवास : मोटारसायकल, कागद आणि रजा

केशोरीहून लंडनला मोटारसायकलने जाता येईल काय, असे कोणी विचारले की ऐकणारा आधी विचारणाऱ्याचे वय पाहतो. पंचविशीचा असला तर त्याची पाठ थोपटली जाते. पंचावन्नचा असला तर घरी निरोप जातो. आम्हांस हा न्याय उलटा वाटतो. कष्टकऱ्याला असा प्रवास करावयाचा तर तो उतारवयातच करता येतो, आणि त्याचे कारण हौस नव्हे, रजा आहे.

हिशेब करून पाहा. १९४८ च्या कारखाना कायद्याने वीस दिवसांच्या कामामागे एक दिवस भरपगारी रजा दिली आणि पुढील वर्षासाठी फार तर ३० दिवस साठवू दिले. नोव्हेंबर २०२५ पासून त्याच्या जागी आलेल्या नव्या संहितेतही प्रमाण तेच राहिले. वर्षभर राबलेल्या माणसाचे यंदाचे पंधरा दिवस आणि मागचे तीस, म्हणजे दीड महिना झाला. खुष्कीच्या वाटेने युरोप गाठावयास चार महिने तरी धरावे लागतात. ही झाली कायद्याच्या छत्राखालच्या माणसाची गोष्ट. आमच्या भागातील तेंदूपाने तोडणाऱ्याला भरपगारी रजा हा शब्दच परका आहे. तेव्हा निवृत्त होईपर्यंत थांबणे हाच एक मार्ग उरतो. त्याला म्हातारचळ म्हणणाऱ्यांनी हा हिशेब आधी खोडून दाखवावा.

वाट काही अनोळखी नाही. १५ ऑक्टोबर १९२३ रोजी मुंबईहून सहा पारशी तरुण साध्या सायकलींवर जगप्रदक्षिणेस निघाले. त्यांपैकी आदी हकीम, जाल बापासोला व रुस्तम भुमगरा हे तिघे सुमारे ७१,००० किलोमीटर तुडवून १९२८ च्या मार्चमध्ये परतले. अलीकडे, २०२३ साली, रमिला लटपटे नऊवारी नेसून मुंबईहून मोटारसायकलने जगभ्रमणास निघाल्या. पण वयाचा विचार करणाऱ्याने टेड सायमन या इंग्रज पत्रकाराकडे पाहावे. १९७३ साली, वयाच्या बेचाळिसाव्या वर्षी निघून त्याने चार वर्षांत जग पालथे घातले आणि २००१ साली, सत्तरीला टेकलेला असताना, तोच मार्ग पुन्हा धरला. केनियात त्याचा पाय मोडला. बरा होऊन तो पुढे निघाला, हे सगळे सांगतात. बरा होईपर्यंतचे महिने कोणत्या पैशावर काढावयाचे, हे नियोजन करणाऱ्याने स्वतःस विचारावे.

आता कागद. आंतरराष्ट्रीय वाहन परवाना आपल्याच परिवहन कार्यालयातून मिळतो व एक वर्ष चालतो. चीन तो मानीत नाही. तेथे तात्पुरता स्थानिक परवाना काढावा लागतो, सोबत वाटाड्या घ्यावा लागतो आणि त्याचा खर्च आपणच सोसावयाचा. पण सर्वांत अवघड कागद म्हणजे कारनेट. हा मोटारसायकलचा पासपोर्टच समजा. परदेशात नेलेली गाडी तेथे विकली तर त्या सरकारची जकात बुडते; ती बुडणार नाही अशी हमी वाहनसंस्था देते, आणि त्या हमीपोटी आपल्याकडून मोठी अनामत किंवा बँकेची हमी घेते. प्रत्येक देशात शिरताना कारनेटच्या पानाचा एक तुकडा फाडला जातो, बाहेर पडताना दुसरा, आणि उरलेल्या स्थळप्रतीवर दोन्ही शिक्के राहतात. बाहेर पडल्याचा शिक्का राहिला तर गाडी त्या देशातच आहे असे धरून जकात मागितली जाते आणि ती अनामतीतून जाते. म्हणून रात्रीचे बारा वाजले तरी चालतील, पण शिक्का पाहिल्यावाचून चौकी सोडू नये. इराणला व आफ्रिकेतील बऱ्याच देशांना कारनेट लागते. युरोपला लागत नाही, तेथे विमा मागतात.

ही अनामत कोठून आणावयाची, येथे आमचे मत कडक आहे. भविष्यनिर्वाह निधीला हात लावू नये. २०१४ साली किमान निवृत्तिवेतन ठरले ते दरमहा १००० रुपये. एवढ्या आधारावर म्हातारपण काढणाऱ्याने निधी परक्या चौकीवर गहाण टाकणे म्हणजे घरधनिणीचे म्हातारपणही गहाण टाकणे होय. तिला न विचारता केलेले नियोजन आम्ही नियोजन मानीत नाही. पाच-सात वर्षे वेगळे खाते ठेवावे, आणि खात्यात भरेल तेवढाच पल्ला ठरवावा. काठमांडूपर्यंतच पैसे पुरले तर काठमांडू हेही परदेशच आहे!

वाट एकच धरून बसू नये. मोरे-तामू हा म्यानमारचा दरवाजा ऑगस्ट २०१८ मध्ये रीतसर उघडला; २०२० ची महासाथ आणि फेब्रुवारी २०२१ चा लष्करी उठाव यांनी तो प्रवाशांस बंद झाला. एप्रिल २०२५ मध्ये पहलगामच्या हल्ल्यानंतर अटारीची चौकी मिटली. राहिला नेपाळ-तिबेट मार्ग; तेथे रसुवागढीचा पूल जुलै २०२५ च्या पुरात वाहून गेला. तेव्हा गाडी पेटीत घालून जहाजाने आखाताकडे पाठविण्याचा खर्च पहिल्या दिवसापासून अंदाजपत्रकात मांडावा. युरोपातील शेंगेन देशांत कोणत्याही १८० दिवसांत ९० दिवसच राहता येते, म्हणून तारखा शेवटच्या देशाकडून मागे मोजीत यावे.

देहाचा हिशेब निराळा. आपले कळसूबाई १,६४६ मीटर. तिबेटच्या खिंडी पाच हजारांच्या पुढे. तेथे हवेतील प्राणवायू समुद्रकाठच्या निम्म्यावर येतो, आणि तरुणाईचा तेथे उपयोग होत नाही. तीन हजारांच्या वर रोजचा मुक्काम पाचशे मीटरांहून अधिक चढवू नये, मधून एक दिवस विसावावे. रक्तदाबाच्या गोळ्या घेणाऱ्याने औषधाचे मूळ नाव लिहिलेली डॉक्टरांची चिठ्ठी जवळ ठेवावी. आपल्याकडचे व्यापारी नाव पलीकडचा औषधवाला ओळखत नाही. आफ्रिकेत जाणाऱ्याने पीतज्वराची लस निदान दहा दिवस आधी टोचून घ्यावी.

गाडी मोठी घेण्याचा मोह फार जणांना होतो. पडलेली गाडी एकट्याने उचलता येईल तेवढीच घ्यावी. दोनशे सीसीची, दीडशे-एकशेसाठ किलोची पुरे. साखळी, क्लचची तार आणि पंक्चर एवढे काम निघण्यापूर्वी बाजारातल्या मिस्त्रीजवळ महिनाभर बसून शिकावे, आणि त्याची मजुरी द्यावी, फुकट शिकू नये.

२०२५ च्या ऑगस्टमध्ये मुंबईचा एक तरुण अशीच जमीन तुडवीत इंग्लंडपर्यंत पोहोचला आणि नॉटिंगहॅममध्ये भरदिवसा त्याची मोटारसायकल चोरीस गेली. पासपोर्टही तिच्यावरच्या पेटीत होता. पासपोर्ट आणि कारनेट कमरेच्या पट्ट्यात, छायाप्रती सामानात, आणि आणखी एक संच केशोरीत घरच्यांजवळ ठेवावा.