विश्लेषण : ज्येष्ठांसाठीचं घर बघताय? आधी बाथरूमचं दार कुठे उघडतं ते बघा!

पुण्याच्या आसपास आई-बाबांसाठी ‘सीनियर लिव्हिंग’ प्रकल्प बघायला गेलात, तर आधी क्लबहाऊस दाखवतात. मग योगा हॉल, मंदिर, बाग. सॅम्पल फ्लॅटच्या बाथरूममध्ये मात्र बहुतेक जण दारातूनच डोकावतात आणि पुढे जातात. खरं तर सगळ्यात जास्त वेळ तिथेच घालवायला हवा.

महारेराचा नियम काय?

महारेराने २०२४ मध्ये अशा प्रकल्पांसाठी किमान निकष ठरवून दिले. ‘ज्येष्ठांसाठी’ म्हणून घर विकायचं असेल तर मुख्य दार ९०० मिमी रुंद हवं, जिना १५०० मिमी रुंद हवा आणि त्याला दोन्ही बाजूंनी कठडे हवेत. बाथरूममध्ये न घसरणाऱ्या टाइल्स आणि आधाराचे दांडे हवेत. हे तपशील विक्री करारातही यायला हवेत. त्यामुळे ब्रोशरमधल्या फोटोंपेक्षा कराराची पानं आधी मागा.

दार बाहेर का उघडावं?

माणूस बाथरूममध्ये पडला, तर तो बरेचदा दाराला लागूनच पडतो. दार आत उघडणारं असेल तर ते ढकलणार कसं? आतल्या माणसालाच लागेल. म्हणून दार बाहेर उघडणारं किंवा सरकतं हवं, आणि कडी बाहेरूनही काढता यायला हवी.

रुंदीचंही तसंच. नेहमीच्या फ्लॅटमध्ये बाथरूमचं दार अडीच फुटांचं, म्हणजे ७५० मिमी असतं. चौकट आणि पल्ल्याची जाडी वजा केली की मोकळी जागा आणखी कमी होते. व्हीलचेअरच साधारण ६५० मिमी रुंद असते, शिवाय चाकांवरचे हात. आणि ती जागेवर वळवायला सुमारे १५०० मिमीचं मोकळं वर्तुळ लागतं.

टॉवेल रॉडचा भरवसा नको

टॉवेल रॉड दोन बारीक स्क्रूंवर टिकलेला असतो. तो ओल्या टॉवेलसाठी आहे, ६० किलोंच्या माणसासाठी नाही. घसरताना मात्र हात आपोआप त्याच्याकडेच जातो. ग्रॅब बार टाइलला नव्हे, मागच्या भिंतीला पक्का बसवावा लागतो. नव्या इमारतींत बऱ्याचदा हलक्या एएसी ब्लॉकच्या भिंती असतात. त्यांत साधा स्क्रू नीट धरत नाही. त्यामुळे बांधकामाच्या वेळीच तिथे मजबुती दिली आहे का, हे विचारा. उत्तर देताना सेल्समन गडबडला, तर साइट इंजिनीअरला बोलवा.

पांढऱ्यावर पांढरं

वयानुसार डोळ्यातलं भिंग पिवळसर होतं, बाहुली लहान होते. तरुणपणाच्या तुलनेत साठीत पडद्यापर्यंत जवळपास एक तृतीयांशच प्रकाश पोचतो. मग पांढऱ्या टाइल्सवरचा पांढरा कमोड आणि त्याशेजारचा चकचकीत स्टीलचा दांडा दिसेनासा होतो. गुळगुळीत फरशीवर पडलेली चमक पाण्यासारखी भासते आणि पाऊल अडखळतं. उपाय महाग नाहीत : मॅट टाइल्स, दांड्याला भिंतीपेक्षा वेगळा गडद रंग, पलंगापासून बाथरूमपर्यंत पायाशी लागणारे सेन्सरचे छोटे दिवे.

‘घर हॉस्पिटलसारखं दिसतं’ ही अनेकांची तक्रार असते, आणि ती चुकीची नाही. पण कॉरिडॉरचा कठडा लाकडी असू शकतो, कमोडची उंचीही थोडी वाढवता येते (४५० ते ४८० मिमी बरी). पाहुण्याला त्यात आजारपण दिसत नाही.

जुन्या घराचं काय?

आजीच्या घरी मी टेप घेऊन गेलो. बाथरूमचा उंबरा दोन इंच उंच निघाला. ती वॉकर घेऊन दिवसातून सात-आठ वेळा तो ओलांडते, दर वेळी वॉकर उचलून. पाणी बाहेर येऊ नये म्हणून उंबरा घालतात, पण शॉवरच्या बाजूला उतार आणि लांब जाळीचा ड्रेन दिला तर त्याची गरज उरत नाही. ते काम खर्चिक आहे, फरशी फोडावी लागते. दाराची बिजागरी बदलून पल्ला बाहेर उघडता करणं सुताराचं एका दिवसाचं काम. आम्ही तेवढं केलं आणि कमोडशेजारी ग्रॅब बार बसवला.

आजी सध्या त्यावर नॅपकिन वाळत घालते.