रोपणानंतर मुलांची हाडे



1971 साली वेल्लोरला मूत्रपिंडाचे रोपण यशस्वी झाले. 1998 साली दिल्लीत एका बालकाला नवे यकृत मिळाले. आज आईच्या मूत्रपिंडावर जगणारे मूल दप्तर घेऊन शाळेत जाते. घरच्यांचे सारे लक्ष नव्या अवयवाकडे असते. हाडांकडे मात्र फारसे कोणी पाहत नाही.

हाड म्हणजे दगड नव्हे. ते रोज झिजते व रोज भरते. आम्हां कामगारांच्या भाषेत हाडे हा शरीराचा प्रॉव्हिडंट फंड होय. मुख्य भरणा विशीपर्यंत, पुढे आयुष्यभर उचल! वयात येतानाच्या दोन वर्षांतच सुमारे चौथा हिस्सा जमा होतो.

रोपण झालेल्या मुलाच्या भरण्यात तूट येते ती तीन कारणांनी. पहिले कारण मूळ आजार. ड जीवनसत्त्वावर आधी यकृतात व मग मूत्रपिंडात संस्कार होतो. तेव्हा कुठे आतडे कॅल्शियम नीट शोषते. हे अवयव निकामी झाले की ही साखळी तुटते. दुसरे कारण औषध. शरीराने नवा अवयव नाकारू नये म्हणून स्टेरॉइड देतात. त्याने हाड बांधणाऱ्या पेशी मंदावतात व कॅल्शियम लघवीवाटे वाया जाते. तिसरे कारण आपली माया. जपायचे म्हणून मुलाला बसवून ठेवले, तर भार न पडल्याने हाड कसदार होत नाही.

मग गोळ्या बंद कराव्यात काय? मुळीच नाही! तसे केल्यास अवयवच गमवावा लागेल. मात्रा डॉक्टरांनीच ठरवावी. आपण पाठदुखी, लंगडणे, खुंटलेली उंची यांवर नजर ठेवावी. मणका कधी न दुखताही दबतो. म्हणून ड जीवनसत्त्व, कॅल्शियम व फॉस्फरस यांची तपासणी, आणि गरजेप्रमाणे हाडांच्या घनतेचीही, डॉक्टरांना विचारून करावी. शंभर ग्रॅम नाचणीत सुमारे 350 मिलिग्रॅम कॅल्शियम असते. पण मूत्रपिंडाच्या रोग्याने आहार विचारूनच ठरवावा. परवानगी मिळताच मुलाला चालू द्यावे, खेळू द्यावे.

शस्त्रक्रियेसाठी आपण गल्लोगल्ली वर्गणी काढतो. पुढे दर तपासणीला बापाचा खाडा पडतो, मजुरी बुडते, आणि तपासणीच टळते. त्या दिवसाची भरपगारी रजा मागणे हेही मुलाच्या हाडांचे औषधच आहे. ती मागणी आपण सर्वांनी मिळून केली पाहिजे.