सभागृह कोणाचे, व्यासपीठ कोणाचे?

नावडे हे तळोजा औद्योगिक वसाहतीला लागून असलेले गाव. दिवा-पनवेल मार्गावर ‘नावडे रोड’ स्टेशन आहे, पण गाड्या मोजक्याच. १७ नोव्हेंबर २०२३ पासून बेलापूर ते पेंधर मेट्रो सुरू झाली आणि इथल्या नव्या इमारतींत राहणाऱ्या, ऐरोली, महापे, बेलापूरकडे नोकरीला जाणाऱ्या संगणक प्रोग्रामरांची थोडी सोय झाली. ही मुले-मुली दिवसभर कंपनीचे काम करतात; पण स्वतः शोधलेली एखादी युक्ती, स्वतःची एखादी फसगत चार समव्यावसायिकांपुढे मांडायला त्यांना जागा नसते. मोठ्या परिषदांचे शुल्क परवडत नाही आणि तिथे बोलायला बोलावणे येत नाही. मग त्यांनी आपली लहानशी परिषद भरवावी का? भरवली तर ती टिकते कशावर? या प्रश्नाने मी गेली काही वर्षे अशा परिषदांचा अभ्यास करतो आहे.

आधी हिशोब पाहू. आकडे उदाहरणादाखल धरलेले आहेत, पण हिशोबाची रीत हीच. समजा, एक दिवसाच्या परिषदेसाठी सभागृह आणि साउंडचे ६०,००० रुपये, बाहेरगावच्या वक्त्यांचा प्रवास व मुक्काम ४०,०००, छपाई, चित्रीकरण आणि किरकोळ २०,०००. हे १,२०,००० रुपये माणसे दहा आली काय आणि दोनशे आली काय, द्यावेच लागतात. याशिवाय नाश्ता, जेवण, दोन वेळचा चहा आणि गळ्यातले ओळखपत्र मिळून माणशी ५०० रुपये. प्रवेशशुल्क १,५०० ठेवले तर माणशी १,००० रुपये उरतात. म्हणजे १२० माणसे आली तरच तोंडमिळवणी. ऐंशीच आली तर ४०,००० रुपयांची खोट, आणि ती आयोजकांच्या खिशातून जाते.

आता सभागृह आणि साउंड फुकट मिळाले असे धरा. ठोक खर्च ६०,००० वर येतो आणि साठ माणसांत परिषद उभी राहते. त्याच ऐंशी माणसांत २०,००० शिल्लक पडतात. विद्यार्थ्यांकडून ५०० रुपयेच घेतले तरी तोटा नाही, कारण तेवढ्यात त्यांच्या जेवणखाणाचा खर्च निघतो.

महाराष्ट्रातल्या अशा परिषदा महाविद्यालयांच्या आवारात का वाढल्या, याचे एक उत्तर या हिशोबात आहे. पायथन या संगणकभाषेची ‘पायकॉन इंडिया’ ही परिषद २००९ मध्ये बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत सुरू झाली. २०११ मध्ये ती पुण्यात सिंबायोसिसच्या विश्वभवन सभागृहात भरली आणि पायथनच्या प्रमुख विकसकांपैकी रेमंड हेटिंगर बीजभाषणाला आले. मुक्त सॉफ्टवेअरचा ‘ग्नुनिफाय’ हा मेळावाही पुण्यातल्या सिंबायोसिसच्याच संगणक संस्थेत अनेक वर्षे भरला. संस्थेची वास्तू आणि विद्यार्थ्यांचे हात, दोन्ही एकाच ठिकाणी मिळतात. ब्रुसेल्सची ‘फॉसडेम’ तर विद्यापीठाच्या आवारात आणि स्वयंसेवकांच्या बळावर चालते. हजारो माणसे येतात, तरी तिथे ना शुल्क ना नावनोंदणी.

खर्च आटोक्यात ठेवण्याचा दुसरा मार्ग म्हणजे परिषद मुळातच लहान ठेवणे. २०१४ मध्ये पुण्यात सुरू झालेली ‘डेक्कन रूबीकॉन्फ’ एक दिवसाची आणि एकाच सभागृहातली. यात पैसे वाचतात, शिवाय सगळ्यांनी तीच भाषणे ऐकलेली असल्यामुळे जेवणाच्या रांगेत अनोळखी माणसांनाही बोलायला विषय मिळतो. २००५ मध्ये अमेरिकेत पालो आल्टो येथे सुरू झालेल्या ‘बारकॅम्प’ने तर आगाऊ कार्यक्रमपत्रिकाच काढून टाकली. सकाळी भिंतीवर वेळापत्रकाचे रिकामे चौकोन असतात. ज्याला बोलायचे आहे त्याने आपले नाव लिहावे.

तरीही पैशाची एक अडचण राहतेच. सभागृहाची अनामत दोन-तीन महिने आधी भरावी लागते आणि बहुतेक लोक नाव नोंदवतात शेवटच्या आठवड्यात. लवकर नोंदणी करणाऱ्याला सवलत देतात ती याच साठी. मधली पोकळी भरून काढायला प्रायोजक लागतो, आणि खरा प्रश्न तिथे उभा राहतो.

आम्ही पाच जणांनी असा एक मेळावा भरवला होता, तेव्हाची गोष्ट. अनामतीचा दिवस आला, हाती पैसे नव्हते. एका कंपनीने रक्कम देऊ केली. अट एकच, सकाळी अकराला त्यांच्या माणसाला अर्धा तास. आम्ही मान्य केले. ती वेळ एका मुलीची होती. नोकरीतले पहिलेच वर्ष, मराठीतून बोलणार होती, महिनाभर तयारी केलेली. तिला जेवणानंतरची दहा मिनिटे दिली. अकराच्या अर्ध्या तासात सभागृहाने एक जाहिरात ऐकली. पुढच्या वेळी मी तिला विचारले, तर तिने नम्रपणे नकार दिला. जमाखर्चात आम्हाला तोटा झाला नव्हता. पण ज्यासाठी मेळावा भरवला होता, तेच आम्ही विकले होते.

तेव्हापासून मी विचारणाऱ्यांना तीन गोष्टी सांगतो. पहिली, प्रायोजकाला दाराशी टेबल द्यावे, फलकावर नाव द्यावे, व्यासपीठ देऊ नये. आणि हे पैसे मागण्याआधी लिहून ठेवावे, कारण अनामतीच्या दिवशी माणूस तत्त्वे आठवत बसत नाही. दुसरी, भाषणांचे प्रस्ताव जाहीरपणे मागवावेत आणि पहिली चाळणी नावे झाकून करावी. नाव आणि कंपनी दिसली की नवखा मागे पडतो. तिसरी, पैसे कोणा एकाच्या बचत खात्यात घेऊ नयेत. १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखाली सात सभासदांची संस्था होते. तिचे खाते उघडावे आणि परिषद संपल्यावर पैन् पैचा जमाखर्च सर्वांना पाठवावा.

यात परके काही नाही. न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ मध्ये पुण्यात सुरू केलेली वसंत व्याख्यानमाला आजही चालू आहे. वर्गणी, पावतीपुस्तक, सतरंज्या उचलणारे कार्यकर्ते हे सारे आपल्या गल्लीतल्या प्रत्येक मंडळाला ठाऊक आहे. गल्लीत देणगीदाराचे नाव कमानीवर झळकते, आरतीची वेळ मात्र तो ठरवत नाही. प्रोग्रामरांच्या परिषदेला एवढा एक नियम पाळता आला, तर साठ माणसांची परिषदही पुरेशी मोठी आहे.