थोर कोण : थोरला की धाकटा?

दोन गुणी माणसे एकाच काळी एकाच क्षेत्रात वावरू लागली, की त्यांचे डावे-उजवे करण्याचा मोह लोकांना आवरत नाही. गाण्याच्या बैठकीत हे होते, साहित्यात होते आणि खेळाच्या मैदानावर तर नित्य होते. अमेरिकेतील फुटबॉलमध्ये संघाची चढाई ज्याच्या हातून सुरू होते, त्या खेळाडूला क्वार्टरबॅक म्हणतात. त्यांच्यात सर्वश्रेष्ठ कोण, हा तिकडचा न संपणारा वाद. टॉम ब्रेडी यांनी सात वेळा अजिंक्यपद मिळविले, असे एक पक्ष सांगतो. जो मोंटाना चार अंतिम सामने खेळले आणि चारही जिंकले, असे दुसरा पक्ष उत्तर देतो. आकडे दोघांचेही खरे असतात. वाद मात्र मिटत नाही.

ग्वाल्हेरकराला अशा वादासाठी अमेरिकेपर्यंत जाण्याचे कारण नाही. हॉकीचे जादूगार म्हणून जगाने गौरविलेले मेजर ध्यानचंद शेजारच्या झाशीचे. आणि त्यांचे धाकटे बंधू कॅप्टन रूपसिंह हे शिंद्यांच्या सैन्यात नोकरीस राहिलेले आणि 1977 साली ग्वाल्हेरातच निवर्तलेले. या दोघांत थोर कोण? ध्यानचंद स्वतः धाकट्या भावाला अधिक मानीत, असे आजही सांगितले जाते. परंतु थोरल्या भावाचा मोठेपणा हा काही पुरावा नव्हे. तेव्हा प्रश्नाकडे जरा बारकाईने पाहिले पाहिजे.

प्रथम आकडे. 1928 च्या ॲम्स्टरडॅम ऑलिम्पिकमध्ये भारताने पाच सामन्यांत 29 गोल केले आणि स्वतःवर एकही होऊ दिला नाही. त्यांतील 14 गोल ध्यानचंदांचे. रूपसिंह त्या संघात नव्हते. पुढे 1932 साली लॉस एंजेलिस येथे दोघे भाऊ एकत्र खेळले. अमेरिकेविरुद्ध भारताने 24 गोल केले. त्यांत रूपसिंहांचे 10 आणि ध्यानचंदांचे 8. जपानविरुद्धचे गोल धरून हिशेब केला, तर धाकट्याचे 13 आणि थोरल्याचे 12 भरतात. म्हणजे 1928 चा आकडा हाती धरणारा एक निकाल देईल आणि 1932 चा धरणारा दुसरा. शिवाय लॉस एंजेलिसला भारतासह तीनच संघ उतरले होते, हेही विसरता येत नाही. दुर्बळ प्रतिस्पर्ध्याविरुद्ध केलेले दहा गोल आणि तुल्यबळ प्रतिस्पर्ध्याविरुद्ध केलेला एक गोल यांना एकाच तागडीत कसे घालावे?

आकड्यांपेक्षा अधिक बोलकी गोष्ट आहे ती दोघांच्या जागांची. त्या काळी संघाच्या आघाडीच्या फळीत पाच खेळाडू असत. ध्यानचंद मधोमध, सेंटर-फॉरवर्डच्या जागी खेळत. रूपसिंह त्यांच्या लगत डावीकडे, इनसाइड-लेफ्टच्या जागी. आता हॉकीची स्टिक पाहावी. तिची एकच बाजू सपाट असते आणि चेंडू त्याच बाजूने मारावा लागतो. डावखुऱ्यासाठी वेगळी स्टिक नाही. त्यामुळे उजवीकडून डावीकडे चेंडू देणे हाताला स्वाभाविक पडते. उलट डावीकडून उजवीकडे चेंडू द्यायचा, तर पायांची जागा बदलून अंग फिरवावे लागते. गोलाच्या डाव्या अंगाने शिरणाऱ्या खेळाडूला गोल उजव्या हाताला असतो. साहजिकच क्षणार्धात अंग वळवून फटका मारण्याचे कसब ज्याच्या ठायी आहे, तोच त्या जागी शोभतो. रूपसिंहांचे गोल मोजताना ही अडचण जमेस धरली पाहिजे.

परंतु तराजूचे दुसरे पारडेही आहे. ज्या नियमाने धाकट्याचे काम अवघड केले, त्याच नियमाने थोरल्याचा सहज दिलेला चेंडू डावीकडे, म्हणजे धाकट्याच्याच वाट्याला जाणारा होता. मध्यभागी राहून बचावपटूंना आपल्याकडे ओढावे आणि नेमक्या वेळी चेंडू शेजाऱ्याच्या स्वाधीन करावा, हे सेंटर-फॉरवर्डचे काम गोलांच्या यादीत कोठेच उमटत नाही. यादीत नाव येते शेवटचा फटका मारणाऱ्याचे. एका हाताने टाळी वाजत नाही; आणि वाजलेल्या टाळीत कोणत्या हाताचा आवाज किती, हे सांगता येत नाही.

मग लोकांनी ध्यानचंदांना अग्रपूजेचा मान दिला, तो अन्यायाने काय? तसेही नाही. त्यांची सुवर्णपदके तीन, रूपसिंहांची दोन. 1936 साली बर्लिन येथे ध्यानचंद कर्णधार होते. सरावाच्या सामन्यात जर्मनीने भारताला 4-1 असे हरविले होते. 15 ऑगस्टला झालेल्या अंतिम सामन्यात त्याच जर्मनीला भारताने 8-1 असे नमविले. पराभव पचवून संघ उभा करणे ही वेगळीच थोरवी होय. तथापि कीर्तीचा स्वभावही ध्यानात घ्यावा. ती जेथे थोडी साठते, तेथेच आणखी साठत जाते. ध्यानचंदांचा जन्मदिवस 29 ऑगस्ट हा राष्ट्रीय क्रीडा दिन झाला. 2021 पासून देशाचा सर्वोच्च क्रीडापुरस्कारही त्यांच्या नावाने दिला जातो. एका नावावर प्रकाश वाढत गेला, की शेजारची आकृती आपोआप अंधारात जाते.

ग्वाल्हेरने रूपसिंहांचे नाव एका क्रीडांगणाला दिले. याच क्रीडांगणावर 24 फेब्रुवारी 2010 रोजी सचिन तेंडुलकर यांनी दक्षिण आफ्रिकेविरुद्ध नाबाद 200 धावा केल्या. पुरुषांच्या एकदिवसीय आंतरराष्ट्रीय सामन्यांतील ते पहिले द्विशतक. त्या दिवशी कॅप्टन रूपसिंह हे नाव जगभर उच्चारले गेले. पण ते एका मैदानाचे नाव म्हणून. तो मनुष्य कोण होता, हे विचारण्याचे कारण किती जणांना पडले असेल?

या वादाचा खरा उपयोग येथेच आहे. त्यातून विजेता निघत नाही, निघण्याची गरजही नाही. भिन्न कामे करणाऱ्या दोघांना एकाच फूटपट्टीने मोजणे हे मुळातच चुकीचे गणित होय. परंतु वाद घालायचा, तर कोण कोठे खेळला, कोणाविरुद्ध खेळला, चेंडू कोणी दिला, याची चौकशी करावी लागते. आणि त्या चौकशीत विस्मृत माणूस पुन्हा डोळ्यांसमोर उभा राहतो. आज ग्वाल्हेरात मध्य प्रदेशाची महिला हॉकी अकादमी आहे. तेथे डाव्या बाजूने धावणारी एखादी मुलगी अंग वळवून गोलावर फटका मारते, तेव्हा ती रूपसिंहांचेच अवघड काम करीत असते. ते काम कोणाचे होते, एवढे तिला ठाऊक असले, तरी त्या नावाला न्याय मिळाला असे म्हणावे.